सहा महिने उपदेश बंद

परक्या देशात जाऊन मिशनरी सेवा कशी करावी, याचं प्रशिक्षण घ्यायला मी सोलापूरहून केनियात मोंबासाला आलेय. इथल्या प्रशिक्षणात दोन नियम आहेत आणि दोन्ही आपल्या माणसाला पचायला जड. पहिले सहा महिने कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश करायचा नाही. उपासनेला जायचं, गाणी म्हणायची, कुणी उभं केलंच तर नमस्कार सांगून खाली बसायचं. दुसरा नियम असा, की ज्या घरी राहाल त्या घराला, शेजाऱ्यांना, तिथल्या मंडळीला पैसा किंवा वस्तू द्यायची नाही. राहण्या-जेवणाचा खर्च संस्था परस्पर भागवते. मी भेट म्हणून आणलेली सोलापुरी चादर अजून बॅगेतच आहे.

हे कळल्यावर आत्याचा लगेच फोन आला. "अगं, गप्प बसायला एवढ्या लांब गेलीस होय? गप्प इथं बसता आलं नसतं?" तिचं बरोबरच होतं. पाठवणीच्या उपासनेत वडीलजनांनी (मंडळीच्या कारभाऱ्यांनी) माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली ती सुवार्ता सांगण्यासाठी. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरगावचा पाहुणा मागच्या बाकावर टेकतो न टेकतो तोच पाळकसाहेब त्याला पुढे बोलावतात, आणि दोन शब्द सांगायला उठलेला माणूस सगळ्या उपासनेचा वेळ घेतो. त्याला ना मंडळी माहीत, ना मंडळीतली दुःखं. तरी तोच बोलणार, आपण ऐकणार, वर हार-नारळ देणार.

माझी मुदत अजून संपलेली नाही. तरी आजच लिहितेय, कारण या नियमाइतकं मला इथल्या दुसऱ्या कशानंही शिकवलेलं नाही.

आठवड्यातले काही दिवस मोंबासात वर्ग असतात आणि बाकीचे दिवस आम्ही राबईला आपापल्या घरी असतो. राबई मोंबासाच्या आतल्या बाजूला, टेकड्यांवर. माझ्या घरी मामा (इथे घरच्या आईला मामा म्हणतात), तिची थोरली सून आणि नातवंडं. माझा वर्ग खरा भरतो तो त्यांच्या स्वयंपाकघरात. नारळ खवायला बुटकं लाकडी आसन असतं, त्याच्या तोंडाशी दातेरी लोखंडी पातं. त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि वाटी फिरवत राहायची, करवंटीचा काळा कण आत पडू द्यायचा नाही. मग खोबऱ्यात पाणी घालून पिळायचं. पहिलं घट्ट दूध बाजूला ठेवायचं, दुसऱ्या पातळ दुधात भात शिजवायचा आणि घट्ट दूध शेवटी. मी पहिल्यांदा खवायला बसले तेव्हा सात वर्षांची नात शेजारी येऊन बसली आणि वस्तूंची नावं घ्यायला लावू लागली. स्वाहिलीत नामांचे गट असतात. खुर्चीचा गट वेगळा, माणसाचा वेगळा, झाडाचा वेगळा, आणि त्या गटाप्रमाणे पुढच्या विशेषणाचं, क्रियापदाचं तोंड बदलतं. मी चुकले की ती पोर मान हलवते, बरोबर वाक्य म्हणते आणि माझ्याकडून वदवून घेतल्याशिवाय सोडत नाही. मामा चुलीपाशी बसून हसते, मधूनच माझे उच्चार सुधारते.

आता मीच जर पहिल्या रविवारी पुलपिटावर उभी राहिले असते, तर या पोरीनं मला टोकलं असतं का? मामानं तरी? उपदेशकाला कोण सुधारणार! वर चढून बोलणाऱ्याला पुन्हा कुणी काही शिकवत नाही. त्याची भाषा आहे तशी राहते, त्याचे गैरसमज आहेत तसे राहतात, आणि लोक आदरानं मान डोलावत राहतात. आपल्या मंडळ्यांमधून मी हे लहानपणापासून पाहत आलेय, फक्त त्याचं कारण मला इथे येऊन कळलं. म्हणून सांगते, हा नियम सोलापुरातही लावा. नवीन पाळक आले की काही महिने त्यांना घरोघरी भाकरी खाऊ द्या, लोकांच्या गिरणीतल्या, विडीच्या, यंत्रमागाच्या गोष्टी ऐकू द्या. उपदेश तोवर वडीलजन करतील. कुणाला राग आला तर येऊ दे.

दुसऱ्या नियमाचा मात्र मला त्रास होतो, आणि तो लपवणार नाही. माझी पणजी छप्पनच्या दुष्काळातली. 1899-1900 साली माणसं रस्त्यावर पडत होती तेव्हा मिशनच्या लोकांनी तिला उचललं, खाऊ घातलं, वाचायला शिकवलं. ती पुढे बायबलबाई झाली, पेठांमधून दारोदार जाऊन बायकांना अक्षरं शिकवायची. केडगावला पंडिता रमाबाईंनी त्याच काळात दुष्काळातल्या मुली गाड्या भरभरून आणल्या. त्यांनी त्या वेळी "वस्तू द्यायची नाही" असा नियम पाळला असता तर आज मी असते कुठे? वर्गात मी हे उभं राहून बोलले. शिक्षक केनियाचेच, वयस्क पाळक. ते म्हणाले, मरणाऱ्याला भाकर देणं हे कर्तव्य, त्याला नियम लागत नाही. हा नियम आपली जागा पक्की करायला भेटी वाटणाऱ्यांसाठी आहे. ते मला पटलं, बऱ्याच अंशी. आपल्याकडे धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याचा आरोप कसा होतो हे मला माहीत आहे, आणि बहुतेक वेळा तो आमच्यासारख्या साध्या लोकांवर अन्यायच असतो. पण ज्या मंडळ्या कार्यक्रमाला येणाऱ्यांना ब्लँकेटं वाटतात आणि त्याचे फोटो काढतात, त्यांनी हा नियम एकदा वाचावा.

इथे त्याला आणखी एक बाजू आहे. पूर्व आफ्रिकेत भारतीय म्हटला की दुकान. 1896 ते 1901 मध्ये युगांडा रेल्वे बांधायला तीस हजारांवर मजूर आपल्याकडून आले, जवळजवळ अडीच हजार मेले. बरेच परत गेले, काही राहिले, आणि मागोमाग व्यापारी आले. मोंबासात आजही किराणा, कापड, हार्डवेअर यांत आपलीच नावं. कष्टानं मिळवलंय त्यांनी, त्याबद्दल मला अभिमान आहे. पण मामा म्हणाली, भारतीयांच्या घरी तिच्या बहिणीनं आयुष्यभर धुणी-भांडी केली, मात्र तिच्या छपराखाली झोपलेली भारतीय मी पहिलीच. शेजारीण पहिल्याच आठवड्यात पोराच्या फीचे पैसे मागायला आली. मुहिंदी (भारतीय बाई) आलीय म्हणजे पैसा आलाय. मी दिले असते तर मी त्याच जुन्या जागी जाऊन बसले असते, गल्ल्यामागे. नियम होता म्हणून मी नाही म्हणू शकले. तिनं चार दिवस तोंड फिरवलं, पुढे कसावा निवडायला हाक मारू लागली.

वर्गातल्या पुस्तकांवर मात्र माझा राग आहे. एकामागून एक उदाहरणं अशी: अमेरिकेतून किंवा युरोपातून निघालेला मनुष्य आफ्रिकेत किंवा आशियात पोहोचतो, गोंधळतो, शिकतो. जाणारा गोरा, स्वीकारणारे आम्ही. वर्गात आम्ही बसलेलो कोण? फिलिपाइन्सचे दोघे, कोरियाचं जोडपं, युगांडाची एक शिक्षिका, जर्मनीची परिचारिका आणि मी. सगळ्यांत उपयोगी पडणारे विचार ज्यांचे वाटले ते मानवशास्त्राचे अभ्यासक आणि मिशनरी पॉल हिबर्ट. त्यांचा जन्म 1932 चा, आपल्या तेलंगणात शमशाबादला, मिशनरी आईबापांच्या पोटी. स्थानिक चालीरीतीवर बाहेरच्यानं निकाल द्यायचा नाही, असं ते सांगतात. आधी ती रीत नीट समजून घ्यायची, मग शास्त्र उघडायचं, मग मंडळीनंच ठरवायचं काय ठेवायचं नि काय सोडायचं. हे ऐकून सगळे वह्या भरत होते. मी त्यांना आपल्या क्रुसाच्या मंगळसूत्राबद्दल सांगितलं, नारायण वामन टिळकांच्या भजनांबद्दल, ख्रिस्ती कीर्तनाबद्दल. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. म्हणजे हा विचार पाठ्यपुस्तकात यायच्या कितीतरी आधी आमच्या लोकांनी टाळ-मृदंगावर तो करून दाखवला होता.

आणि राबईचंच घ्या. इथे 1846 मध्ये क्राफ आणि रेबमान या दोघा जर्मनांनी मिशनचं ठाणं घातलं. क्राफ यांची पत्नी आणि तान्ही मुलगी त्याआधीच, 1844 मध्ये, मोंबासाला वारल्या होत्या. रेबमान 1875 पर्यंत राहिले, शेवटी दृष्टी जवळजवळ गेली, आणि बाप्तिस्मा घेतलेले लोक मोजके. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या मदतीला 1864 मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर आले ते कुठून? आपल्याकडून! गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात, त्यांतली कितीतरी नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. नाशिकचा शरणपूर रोड आपण रोज तोंडानं घेतो, तो याच वस्तीच्या नावाचा. आफ्रिकाभर फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह घेऊन समुद्रापर्यंत आलेल्यांपैकी जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी. 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यानं त्या शवपेटीला हात दिला. पुढे 1875 मध्ये मोंबासाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसलं. ते उभं करणारे मिशनरी प्राइस हे आधी नाशिकलाच होते, आणि नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं. तिथली घंटा आजही उभी आहे. मी तिच्याखाली उभी राहिले तेव्हा मला परकं मुळीच वाटलं नाही. एका संस्कृतीतून दुसरीत सेवक पाठवण्याचं काम महाराष्ट्राच्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी झालंय, आणि आपल्याच मंडळ्यांना ते माहीत नाही.

"तू काय मिशनरी? मिशनरी तर आपल्याकडे येतात," असं मला सोलापुरातही ऐकावं लागलं, म्हणून हे सगळं लिहिलं. आपल्याकडे 25 डिसेंबर 1905 ला सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली ती भारतीय माणसं, भारतीय पैसा, भारतीय कारभार या तत्त्वावर. तिच्या स्थापनेत पुढे असलेले व्ही. एस. अझरिया 1910 मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत उभे राहिले आणि पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर म्हणाले, तुम्ही आम्हाला संपत्ती दिलीत, प्राण दिलेत, आता मित्र द्या. दोन वर्षांनी ते दोर्नकलचे बिशप झाले. आपल्या तेलुगू मंडळीतल्या जुन्या लोकांना दोर्नकल वेगळं सांगायला नको. त्यांची ती मागणी आणि इथले दोन नियम मला एकाच जातीचे वाटतात.

आणि सोलापूरकरांना तरी हा प्रश्न पडू नये. डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे त्या भैया चौकातून आपण रोज जातो. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये डॉक्टर म्हणून चीनला गेले, चिनी शिकले, त्यांच्यातलेच होऊन राहिले, तिथेच लग्न केलं आणि 1942 मध्ये तिथेच गेले. ते काही धर्मसेवेला गेले नव्हते, पण परक्यांत जाऊन कसं राहावं हे शिकायचं तर मी आधी त्यांचं नाव घेईन. वर्गात घेतलंही. कोरियन जोडप्यानं ते वहीत लिहून घेतलं.

आपल्याकडे काय कामं कमी आहेत, असं पाळकसाहेब अजूनही विचारतात. कमी नाहीत. पण मी इथे आले म्हणून सोलापूरचं काम अडलं असंही नाही; आपल्या मंडळीत उपदेश करायला उत्सुक माणसं भरपूर आहेत. ज्या देण्यानं आपली पणजी वाचली त्यातलं काहीतरी आपणही पुढे द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं आणि अजून आहे. सोलापूरनं मला बरंच देऊन पाठवलंय. दारात मराठी, शेजारी पद्मशाली घरांतली तेलुगू, बाजारात कानडी, रिक्षात दखनी. मांडी घालून बसणं, हातानं जेवणं, पाहुण्यांनी भरलेल्या घरात झोपणं हे शिकण्यात माझा एकही दिवस गेला नाही. जर्मन मैत्रिणीचे त्यात आठवडे गेले, बिचारी रडायची. तिच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नाही: तिच्या मंडळीनं तिला एकदाही विचारलं नाही की आतापर्यंत किती जण ख्रिस्ताकडे आले.

आपल्या मंडळीच्या कमिटीनं ते विचारलंय, दोनदा, आणि फोटोही मागितलेत. म्हणून इथेच उत्तर देते. पुढच्या अहवालात आकडा नसेल. मामाच्या घरी काय शिकले, कुठली वाक्यं न अडखळता बोलता येतात, कुणाच्या मयताला गेले, एवढं असेल. इथे पाठवायला शिवणयंत्रांसाठी वर्गणी काढताय असं कळलं, ती कृपया थांबवा. तरुण संघातल्या, विशेषतः तेलुगू उपासनेला जाणाऱ्या मुलामुलींनी पुढच्या वर्षीच्या तुकडीचा विचार करावा. तीन-चार भाषा ज्यांच्या तोंडात आधीच आहेत अशी माणसं इथे हवी आहेत, पदवी कुठलीही चालते. अर्ज नाताळनंतर सुटतात. पासपोर्ट तोवर काढून ठेवा, आणि उपदेशाची टिपणं घरीच ठेवून या.