पार्सलवाल्याला कोणी ‘बसा’ म्हणत नाही

हॉटेलात टेबलावर बसलेल्या माणसासमोर आधी पाण्याचा ग्लास येतो. पार्सल घ्यायला आलेल्या माणसासमोर काहीच येत नाही. तो काउंटरच्या कडेला, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वाटेत उभा राहतो आणि वेटर ट्रे घेऊन त्याला खेटून जात राहतात. पैसे तो तेवढेच देतो, वर डब्याचे वेगळे देतो. याचा राग माझ्या मनात फार वर्षांपासून आहे. नाशिकला तो आधी चांगलाच भडकला आणि मग कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या चायनीजच्या दुकानात त्यावर उताराही मिळाला. नाशिकची देवळं, पांडवलेणी आणि मिसळ यांवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे मी त्या दुकानाबद्दलच लिहिणार आहे.

आम्ही पुण्याहून गेलो होतो. आई, मी आणि बहिणीचा मुलगा. श्रावणातली त्र्यंबकेश्वरची रांग किती लांब असते हे ज्यांनी ती लावली आहे त्यांना माहीत आहे, इतरांना सांगून पटायचं नाही. दुसऱ्या दिवशी पंचवटी झाली. काळारामाच्या दाराशी थांबून भाच्याला १९३० च्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाबद्दल सांगितलं, तेव्हा मात्र त्याने मोबाईल खिशात ठेवला आणि बरेच प्रश्न विचारले. वर धरणातून पाणी सोडलं होतं, म्हणून रामकुंडाकडे फार खाली उतरता आलं नाही. गोदावरीच्या पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. त्या दिवशी लोक छत्र्या घेऊन तेवढंच बघायला आले होते.

एवढ्या चालण्याने आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. संध्याकाळी बाहेर जेवायला जायचं तिने नावच काढलं नाही. भाच्याला दोन दिवस देवळं फिरल्याबद्दल चायनीज हवं होतं, आणि आईला खरं तर फ्राइड राइस आवडतो. अडचण एकच. ती चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही.

आदल्या रात्री हीच अडचण घेऊन मी लॉजजवळच्या एका मोठ्या हॉटेलात गेले होते. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसाला तीनदा सांगितलं, कांदा नको, लसूण नको, आई चातुर्मास पाळते. तो म्हणाला, “हो मॅडम, जैन करून देतो, पाच मिनिटं.” ती पाच मिनिटं कधी संपलीच नाहीत. दर वेळी विचारलं की पुन्हा पाच मिनिटं. माझ्यानंतर आलेली मंडळी टेबलावर बसून, सूप पिऊन, बडीशेप खाऊन निघून गेली. बसायला खुर्ची नाही, पाणी विचारलं नाही. शेवटी पिशवी हातात आली ती घट्ट गाठ मारलेली, म्हणून उघडून बघता आली नाही. खोलीवर डबा उघडला आणि आईने पहिला घास तोंडाजवळ नेऊन खाली ठेवला. झाकण काढल्याबरोबर लसणाचा वास आला होता. वर कांद्याची पातही पेरलेली होती. फोन केला तर, “मॅडम, चायनीजमध्ये तेवढा येतोच.” आईने त्या रात्री दोन केळी खाल्ली आणि मलाच समजावत बसली की राहू दे, प्रवासात चालायचंच.

मला हे चालत नाही. येत नसेल तर येत नाही म्हणा. मी दुसरीकडे जाईन, इडली घेईन, दूध घेईन. पण हो म्हणून एखाद्याच्या नेमाचा घात करायचा आणि वर तेवढं येतंच म्हणायचं, ही मला सरळ फसवणूक वाटते. टेबलावर बसलेला माणूस निदान ताट परत पाठवू शकतो. पार्सलवाल्याला ते घरी गेल्यावर कळतं, आणि तोवर हॉटेलच्या दृष्टीने त्याचा विषय मिटलेला असतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आईला रिक्षात बसवून बरोबरच नेलं. तिच्यासमोरच विचारायचं ठरवलं. रिक्षावाल्यानेच ही गल्ली सुचवली. जेमतेम दहा फुटांचा गाळा, पुढे पत्र्याची शेड, शेडखाली भट्टी. बसून खायची सोयच नाही, सगळं पार्सल. दारावर पाटी, ‘श्रावणात फक्त व्हेज’. भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक, बाकाच्या टोकाला पाण्याचा जार आणि स्टीलचे ग्लास. काउंटरच्या वर एक पांढरा बोर्ड होता आणि त्यावर मार्करने लिहिलेलं, ‘आत्ता ऑर्डर दिली तर ४० मिनिटं’. मी बघत असतानाच काउंटरवरच्या बाईंनी तो आकडा बोटाने पुसला आणि ४५ केला. मी नाशिकमध्ये पाहिलेल्या सगळ्या पाट्यांमध्ये मला आवडलेली पाटी ही.

“आजी, बसा आधी,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “बोला ताई.”

मी चातुर्मासाचं सांगितलं. हो येण्याऐवजी त्या क्षणभर थांबल्या आणि मग एकेक करून सांगायला लागल्या. मंचुरियनचे गोळे सकाळी वळून तळून ठेवलेत, त्यात लसूण आहे, ते जमणार नाही. शेजवान चटणी म्हणजे लाल मिरचीबरोबर लसूणच असतो, तेही नाही. सुपाचं पाणी एकत्र उकळलेलं, त्यात कांदा आहे. हक्का नूडल्स जमतील, पण एरवी ज्या तेलात करतो त्यात लसूण पडलेला असतो. “आजींना साधा व्हेज फ्राइड राइस देते. आलं, मिरपूड, सोया सॉस, व्हिनेगर. कढई धुऊन, नवीन तेलात. चालेल का आजी? चव थोडी साधी लागेल, आधीच सांगते.”

आईचा चेहरा खुलला. साधी चव लागेल हे कोणी आधी सांगतं का!

भट्टीवर जो कारागीर होता त्याला सगळे उस्ताद म्हणत होते. नेपाळचा, पण मराठी इतकी सफाईदार की गिऱ्हाइकांशी नाशिकच्या पावसावर गप्पा चालल्या होत्या. बाईंनी हाक दिली, “उस्ताद, आजींचं चातुर्मासाचं, कढई धू.” त्याने तापलेल्या कढईत पाण्याचा हबका मारला, बांबूच्या कुंच्याने गरगर घासलं, पाणी ओतून दिलं, पुन्हा पाणी, पुन्हा कुंचा. मग रिकामी कढई जाळावर धरली, पाण्याचा शेवटचा थेंब उडेपर्यंत. पळीही बदलली. नव्या पिशवीतलं तेल कढईत गेलं आणि ते पुरतं तापेपर्यंत त्याने कशालाही हात लावला नाही.

भात सकाळीच शिजवून मोठ्या परातीत मोकळा पसरून ठेवलेला होता. गरम भात टाकला तर गोळा होतो आणि कढईला चिकटतो, म्हणून फ्राइड राइसला थंड झालेलाच भात लागतो. बारीक चिरलेलं आलं आधी, मग गाजर, फरसबी, सिमला मिरची, सगळ्यात शेवटी कोबी. कोबी इतका करकरीत होता की मी विचारलं. रोज पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डातून आणतात. ज्या जिल्ह्यातून मुंबईला भाजी जाते तिथे शिळा कोबी वापरणं पाप आहे, असं बाईंचं म्हणणं. भात पडला, डाव्या हाताने कढईला हिसका, उजव्या हातात पळी. जाळ कढईच्या कडेवरून आत येत होता आणि भाताचा प्रत्येक दाणा सुटा उडत होता.

शेवटी सवयीने उस्तादचा हात बाजूच्या डब्यात गेला. चिमूटभर कांद्याची पात उचललीसुद्धा. बाई काउंटरवर पैसे मोजत होत्या, मान वर न करता ओरडल्या, “पात नको! पात नको!” हात हवेतच थांबला. त्याने पात डब्यात परत टाकली, हात धुतला आणि मग कढई उतरवली.

मला हे फार भिडलं. पैसे मोजताना, मागे सहा लोक उभे असताना, एका अनोळखी म्हातारीच्या नेमाची आठवण त्या बाईंच्या डोक्यात जागी होती. आदल्या रात्रीच्या झगमगीत हॉटेलात तीन वेळा सांगून जे झालं नाही ते इथे एकदा सांगून झालं. हे जमायला ना जास्त पैसे लागतात ना मोठी जागा. ऐकलेलं लक्षात ठेवावं लागतं.

गर्दी वाढत गेली. कॉलेजची पोरं, क्लासहून पोरांना घेऊन निघालेल्या आया, डिलिव्हरीवाले. काउंटरवरचा टॅब सारखा वाजत होता. एका क्षणी बाईंनी मुलाला सांगितलं, “बंद कर ते अर्धा तास. समोर माणसं उभी आहेत.” अ‍ॅपवरच्या ऑर्डरी थांबल्या. पण ज्या आधी घेतल्या होत्या त्यांचे डिलिव्हरीवाले पावसात उभे नव्हते. तेही बाकावरच, आईच्या शेजारी, भिजलेले रेनकोट मांडीवर घेऊन. आईने एकाला गाव विचारलं, तो निफाडचा निघाला, मग द्राक्षबागांवर पडणाऱ्या रोगाविषयी दोघांचं बराच वेळ चाललं.

याच दरम्यान एक आजोबा पिशवी घेऊन परत आले. नातवाला नूडल्स तिखट लागल्या. मला वाटलं आता वाद होणार. बाईंनी डबा उघडला, काट्याने एक नूडल चाखली आणि म्हणाल्या, “चटणी जास्त पडलीये, चूक आमची.” मग रांगेकडे बघून मोठ्याने, “सगळ्यांना दहा मिनिटं उशीर होईल, आधी बाळाचं करून देते.” बोर्डावरचा आकडा बदलला. कोणी कुरकुर केली नाही. खरं कारण सांगितलं की माणसं थांबतात. माझ्या अनुभवात त्यांना चीड येते ती खोट्या पाच मिनिटांची.

पॅकिंगही बघण्यासारखं होतं. भरलेल्या डब्यांवर झाकण लगेच लावलेलं नव्हतं. वाफ निघू द्यायची, नाहीतर झाकणाला पाणी धरतं आणि तेच खाली पडून भात ओला होतो. ट्रिपल शेजवानचा राइस, नूडल्स आणि ग्रेव्ही वेगळ्या, कारण एकत्र भरलं तर घरी पोचेपर्यंत लगदा. मंचाव सुपाच्या डब्यावर आधी पातळ प्लास्टिक ताणून मग झाकण, आणि तळलेल्या नूडल्स कागदी पुडीत. प्रत्येक झाकणावर मार्करने काय आहे ते लिहिलेलं. आईच्या डब्यावर ‘आजी’ लिहिलं होतं. गाठ मारायच्या आधी त्यांनी पिशवी माझ्यासमोर धरली, “बघून घ्या ताई, काही राहिलं नाही ना.” सगळ्याचे मिळून ४१० रुपये झाले. डब्यांचे वेगळे लावले नाहीत.

खोलीवर आईने सगळा भात संपवला. चव खरंच साधी होती आणि छान होती, आल्याचा आणि जाळाचा वास असलेली. भाच्याने ट्रिपल शेजवान घाम पुसत खाल्लं. मला मंचुरियन आवडलं, आतून मऊ, ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअरचा चिकटपणा नाही. ज्या मंचुरियनसाठी आपण इतके वेडे होतो ते चीनमधून आलेलंच नाही. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वाँग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेऊन, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. वाँग कोलकात्यात जन्मलेले. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग हे आपलंच आहे की मावशी.” मलाही तसंच वाटतं, आणि म्हणूनच त्याला कमी लेखणारे लोक मला आवडत नाहीत. या गाळ्यात ते जेवढ्या निगुतीने होतं तेवढ्या निगुतीने अनेक घरांत वरण होत नाही.

निघायच्या दिवशी भाचा हटून बसला की त्याच्या आईसाठी नूडल्स न्यायच्या. दुकान नुकतंच उघडत होतं, उस्ताद गाजरं सोलत बसला होता. मी दोन फुल हक्का सांगितल्या.

“कुठे जायचं?” बाईंनी विचारलं.

“पुण्याला.”

“मग नाही देत. पाच तास गाडीत, या दमट हवेत, नूडल्स फुगून आंबतील. पोरगं आईला देईल आणि ती म्हणेल नाशिकचं असलं असतं होय.” त्यांनी आतून शेजवान चटणीची काचेची बाटली आणली. “ही न्या. घरी गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. नूडल्स तिकडे उकडून घ्या, थंड पाण्यात काढा, तेलाचा हात लावा, कढई चांगली तापवा. आणि आजींच्या ताटात ही चटणी जाऊ देऊ नका, कार्तिकीपर्यंत तरी.”

बाटलीचे ऐंशी रुपये घेतले. नूडल्सचे तीनशे त्यांना सहज मिळत होते.