३२ मतं बाद

मतपत्रिका उलटी केली आणि मागे अक्षर दिसलं. निळ्या शाईतलं, तिरकं, आता कुणी काढत नाही असं जुन्या वळणाचं जर्मन अक्षर. मजकूर वाचायच्या आधीच मनात आलं, हे मत बाद होणार.

१० जून २०२४, सोमवार. दुपारचे बारा वाजून गेले होते. मी स्टुटगार्टजवळच्या एका शहराच्या नागरिक सुविधा कार्यालयात खिडकीवर काम करते. पत्ता नोंदणी, ओळखपत्रं, पासपोर्ट, दाखले. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय बंद ठेवतात आणि आम्हा सगळ्यांना मोजणीच्या टेबलावर बसवतात. आदल्या दिवशी, रविवारी, बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात एकाच वेळी युरोपीय संसदेची आणि स्थानिक संस्थांची निवडणूक झाली होती. स्टुटगार्ट परिसरात तर चार: युरोप, प्रादेशिक सभा, जिल्हा सभा आणि नगरसभा. युरोपची मोजणी रविवारी रात्रीच उरकली. एक मतदार, एक फुली, एक गठ्ठा. खरं काम सोमवारचं असतं.

आमच्या शहराची वस्ती ४० हजारांच्या आसपास. ३० ते ५० हजार वस्तीला नगरसभेत ३२ जागा, असा या राज्याचा कायदा. जितक्या जागा तितकी मतं, म्हणजे प्रत्येक मतदाराच्या हातात ३२ मतं. स्टुटगार्टमध्ये ६०. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पॅनल टू पॅनल मतदान करायचं असेल तर एका यादीची मतपत्रिका जशीच्या तशी पाकिटात घालायची, त्या यादीतल्या प्रत्येकाला एकेक मत पडतं. नाहीतर आवडत्या उमेदवाराला तीनपर्यंत मतं द्यायची, याला म्हणतात कुमुलीरेन. किंवा क्रॉस व्होटिंग करायचं, या यादीतला एक, त्या यादीतले दोन. ते पानाशीरेन. मतपत्रिका आधीच घरपोच येतात. सात याद्या, दोनशेच्या आसपास नावं, प्रत्येकासमोर त्याचा व्यवसाय. लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून निवांत भरतात. त्यामुळे आमच्यासमोर जे कागद येतात त्यांवर कॉफीचे डाग असतात, कोपऱ्यात पेन्सिलीने केलेल्या बेरजा असतात. यादी कुठलीही असो, अग्निशमन दलाच्या प्रमुखाला तीन, मुलाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला तीन, औषधाच्या दुकानवालीला दोन. बर्लिनच्या राजकारणावर भांडणारी माणसं इथे पक्ष बाजूला ठेवून माणूस बघतात. मला या कागदांबद्दल फार आदर आहे.

बदल केलेली प्रत्येक मतपत्रिका संगणकात भरावी लागते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. "१०४ ला तीन, २११ ला दोन, ७०१ ला एक." मतपत्रिकेवर क्रमांक घालायचा, बाजूला ठेवायची, पुढची. तीसएक मतपत्रिकांनंतर वाचणाऱ्याचा आवाज सपाट होतो आणि चुका तिथेच होतात, म्हणून आम्ही दर अर्ध्या तासाने जागा बदलतो. एका उमेदवाराला कुणी चार दिली तर तीनच धरायची, पण एकूण बेरीज ३३ झाली की अख्खी मतपत्रिका बाद. एका मताने ३२ जातात. त्या कोपऱ्यातल्या बेरजा त्यासाठीच असतात.

हिची बेरीज बरोबर होती. चार याद्यांतले चौदा उमेदवार, मतं बरोबर ३२, आणि बेरजेखाली पट्टीने ओढलेली दुहेरी रेघ. मागे तीन ओळी. आमचा बसथांबा कृपया काढू नका. मी ८७ वर्षांची आहे, अमुक रस्त्यावर १४ नंबरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहते. पुढच्या थांब्यापर्यंत मला चालवत नाही.

कायद्यात लिहिलंय की मतपत्रिकेवर अपमानकारक किंवा मतदाराची ओळख पटवणारा मजकूर असेल तर ती अवैध. असा कागद आला की टेबलावरचं काम थांबतं आणि मंडळ मतदान घेतं. आम्ही सहा जण होतो. प्रमुख बांधकाम विभागाचा, वीस वर्षांचा अनुभवी, असा शांत माणूस आमच्या इमारतीत दुसरा नाही. त्याने कलम मोठ्याने वाचलं. कर विभागातला एक तरुण सहकारी अडून बसला. म्हणाला, यात नाव कुठे आहे? त्या घरात दहा कुटुंबं असतील. बाई काही विकत नाहीये, विनंती करतेय. त्याचं म्हणणं मला अजून पटतं. पण रस्ता, घर, मजला आणि वय एवढं कळल्यावर माणूस ओळखू येतोच. चार विरुद्ध दोन. बाद ठरवणाऱ्या चारांत माझा हात होता.

हा नियम मी इथे शिकले नाही. माझे वडील सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. कागदी मतपत्रिकांच्या काळात त्यांना इलेक्शन ड्युटी कधी चुकली नाही. अण्णा घरी आले की पायांवर गरम पाणी घेत मोजणीच्या गोष्टी सांगायचे. शिक्क्याशिवाय काही दिसलं की मत बाद, मग ते नाव असो, नवस असो की शिवी. मी लहानपणी विचारलं होतं, नवस केला म्हणून मत का बाद? ते म्हणाले, "अगं, आज नवस चालवून घेतला तर उद्या पुढारी सांगेल, कागदावर अमुक खूण कर, म्हणजे मला कळेल तू कुणाला दिलंस. मग पैसे घेतलेला आणि धमकी खाल्लेला, दोघंही सापडतात." म्हणजे आजीचं मत बाद करणारा नियम तिच्यासारख्यांना वाचवण्यासाठीच आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि हात वर करतानाही माहीत होतं.

प्रमुखाने मागे कारण लिहिलं, सही केली, कागद इतिवृत्ताला जोडला. मी संगणकात 'अवैध' निवडलं. आकडा एकाने पुढे सरकला.

हे इथेच संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. एप्रिलमध्ये माझ्या खिडकीवर एक वयस्कर बाई आल्या होत्या. ओळखपत्राचं काम झालं, तरी उठेनात. डिसेंबरमध्ये वेळापत्रक बदलतं तेव्हा बसचे मार्गही बदलणार, आमचा थांबा जाणार असं ऐकलंय, कुणाला सांगू? मागे रांग होती. मी म्हटलं, "तो निर्णय सभागृहाचा असतो. जूनमध्ये निवडणूक आहेच, त्यांना लिहून कळवा." त्यांनी मान हलवली, आभार मानले आणि गेल्या.

'लिहून कळवा' एवढंच मी बोलले. कुठे लिहायचं ते सांगितलं नाही.

आणि जे सांगितलं तेही अर्धंच बरोबर होतं. आमच्याकडे एस-बान लोकल प्रादेशिक संघाच्या हातात, बसचे मार्ग जिल्ह्याच्या आणि थांब्यावरचं छप्पर आणि बाक शहराचं. शाळेची इमारत शहराची, शिक्षक राज्याचे. बालवाडीची फी शहर ठरवतं, म्हणून बर्लिनहून बदली होऊन आलेली आई माझ्या खिडकीवर फीचा तक्ता बघून गप्प होते, कारण बर्लिनमध्ये २०१८ पासून ती फीच नाही. माणसाचा दिवस एकच असतो, पण सकाळी मुलाला सोडण्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याचे चार मालक. हे कुणाकडे मागायचं ते कळायलासुद्धा शिक्षण लागतं, आणि ते शिक्षण आम्ही कुणालाच देत नाही. मतपत्रिकांबरोबर माहितीपत्रक जातं, पण ते वकिलांनी वकिलांसाठी लिहिल्यासारखं असतं. आजीने बसची विनंती नगरसभेच्या मतपत्रिकेवर लिहिली होती. बस जिल्हा सभेकडे. कागद वैध ठरला असता तरी विनंती चुकीच्या दारात पडली होती.

त्या रात्री घरी हे मोघम सांगितलं, कागदावर काय होतं ते न सांगता. नवरा म्हणाला, "तिला निदान बाद व्हायला मत तरी होतं." त्याचा पासपोर्ट भारतीय आहे. २००८ पासून तो इथे राहतो, कर भरतो, मुलीच्या शाळेच्या पालक मंडळात आहे, पण त्याला शहराच्या निवडणुकीत मत नाही. समोरच्या इमारतीतल्या रुमानियन कुटुंबाला तीन महिने राहिल्यावर मिळालं, कारण ते युरोपीय संघाचे नागरिक. श्लेस्विग-होल्श्टाइन आणि हाम्बुर्ग या राज्यांनी १९८९ मध्ये परदेशी रहिवाशांना स्थानिक मत द्यायचा कायदा केला होता. ३१ ऑक्टोबर १९९० रोजी संविधान न्यायालयाने तो रद्द केला. डब्लिनमधल्या माझ्या मावसबहिणीने मात्र ७ जूनला भारतीय पासपोर्टवरच नगरसेवक निवडले, कारण आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीला नागरिकत्व विचारत नाहीत. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं राहिल्यावर देतात. मी माझा भारतीय पासपोर्ट परत केला तो मुख्यतः या नोकरीसाठी नव्हे, मतासाठी. दूतावासात त्यावर रद्दचा शिक्का पडला तेव्हा रडले होते. म्हणून कुणाचंही मत बाद करताना हात जड होतो.

एप्रिलमधल्या बाई आणि मतपत्रिकेवरच्या आजी एकच का, हे मला माहीत नाही. कळून घेणं सोपं आहे. नागरिकांची नोंदवही माझ्याच संगणकात आहे. रस्ता आणि घर क्रमांक टाकला की दोन सेकंदांत नावं येतात. पण कामाशिवाय ती उघडायची परवानगी नाही, आणि मताची गुप्तता तर मी स्वतः शपथेवर कबूल केलेली. मी शोधलं नाही. शोधणारही नाही. इथेही घराचा नंबर, वय, मजकुराचे शब्द मी बदलून लिहिलेत.

पुढच्या निवडणुकीसाठी सोप्या भाषेतली अर्ध्या पानाची सूचना मी करून दिली. मोठा टाइप, तीन वाक्यं. वरून उत्तर आलं की कायद्याने ठरवलेलं माहितीपत्रक पुरेसं आहे. मला ते पटलेलं नाही आणि मी ती सूचना पुन्हा पाठवणार आहे.

तोपर्यंत खिडकीवर कुणी बस, फी, दिवा, खड्डा यांपैकी काहीही विचारलं की मी हातातलं काम थांबवते, मागे रांग असली तरी. छोट्या कागदावर कार्यालयाचं नाव, मजला, फोन लिहून देते. खाली एक ओळ घालते: पत्र लिहा, मतपत्रिकेवर लिहू नका. परवा एका गृहस्थांनी ती ओळ वाचून विचारलं, असं कोण करतं?

मी म्हटलं, "करतात." आणि पुढचा नंबर पुकारला.