तुम्ही विचारलंत म्हणून: एका ओळीचं काम वीस ओळींत का?

टीममध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात विचारतो, "सर, ऑपरेटिंग सिस्टीम कुठली हे एका ओळीत कळतं. तुमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये वीस ओळी कशाला?" मी "असू दे रे" म्हणून विषय बदलतो. आता कंटाळा आला बदलून.

एके काळी माझीही एकच ओळ होती. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत सिस्टीमचं नाव सांगणाऱ्या 'सिस.प्लॅटफॉर्म'ला विचारलं की विंडोज 'विन३२' असं उत्तर देतं, मशीन ६४ बिटचं असलं तरी. मला तो ३२ खटकायचा. उद्या बदलला तर? म्हणून मी उत्तरात नुसतं 'विन' शोधायचो. सापडलं की विंडोज. यालाच मी दूरदृष्टी समजत होतो.

मॅकचं उत्तर असतं 'डार्विन'. देवनागरीत लिहिलं तरी शेवटचा 'विन' डोळ्यांत भरतो. मला तेव्हा दिसला नाही, कारण माझ्याकडे मॅक नव्हता.

भाचीकडे होता. एमएच्या प्रबंधासाठी ती जात्यावरच्या ओव्या गोळा करत होती. आज्यांकडून फोनवर रेकॉर्ड करायच्या आणि रात्री बसून लॅपटॉपवर उतरवायच्या. मीच म्हणालो, "माझी स्क्रिप्ट घे, दर रविवारी डिस्क लावून डोळे झाकून चालव." तिने तसंच केलं. दर रविवारी स्क्रीनवर 'बॅकअप पूर्ण' यायचं.

मग लॅपटॉप बंद पडला. बोर्ड बदलावा लागला आणि त्या मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डावरच बसवलेलं, म्हणजे सगळं गेलं. मी निवांत होतो. डिस्क माझ्या मशीनला लावली, उघडली, तर रिकामी. दुसरी केबल लावली. लपवलेल्या फाइली दाखव म्हटलं. रिकामीच.

ती हळूच म्हणाली, "मामा, माझ्या होम फोल्डरमध्ये एक विचित्र नावाचं फोल्डर होतं. 'डी:\बॅकअप' असं. मला वाटलं ते तुझ्या स्क्रिप्टचंच काहीतरी असेल."

होतं तर खरं. स्क्रिप्टने मॅकला विंडोज समजून डी ड्राइव्हवर लिहायला घेतलं. पण मॅकला डी ड्राइव्ह माहीत नाही आणि उलटी तिरकी रेघ त्याच्या लेखी नावातलं एक साधं अक्षर. त्याने निमूटपणे त्याच नावाचं फोल्डर जिथल्या तिथे केलं आणि सगळं त्यात भरलं. एरर नाही, काही नाही. बॅकअप मूळ फाइलींच्या शेजारीच जाऊन बसला आणि त्यांच्याबरोबरच गेला.

रेकॉर्डिंग फोनमध्ये वाचली. उतरवलेल्या ओव्या तिने पुन्हा पहिल्यापासून उतरवल्या. मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "झालं असं लिहून यायचं ना रे."

आता तुम्ही म्हणाल, 'विन'ने सुरू होतं का एवढं बघायचं, संपलं. तेव्हा मीही तेच केलं आणि महिनाभर शहाणा होतो. मग कुणीतरी विंडोजच्या पोटातल्या लिनक्समध्ये, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, स्क्रिप्ट चालवली. ते सांगतं 'लिनक्स', आणि खोटंही बोलत नाही. पण तोच डी ड्राइव्ह तिथे 'एमएनटी' फोल्डरखाली 'डी' नावाने बसलेला असतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो: नाव विचारायचंच नाही, काम होतंय का ते बघायचं. यात दम आहे. फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणारी 'सेड -आय' ही कमांड घ्या. मॅकवरच्या सेडला पुढे रिकामं अवतरण द्यावं लागतं, लिनक्सवर तेच दिलं की घोटाळा. पण मॅकवाल्याने होमब्रूमधून, म्हणजे मॅकवर प्रोग्राम टाकायच्या साधनातून, जीएनयू सेड (लिनक्सवर असतं तेच) टाकून मॅकच्या सेडआधी तेच चालेल असं केलं असेल, तर नाव डार्विन आणि वागणं लिनक्सचं. तिथे नाव विचारून उपयोग काय? उलट बाहेरची डिस्क मॅकवर 'व्हॉल्यूम्स'खाली शोधायची की विंडोजवर अक्षराने, हे नाव विचारल्याशिवाय कसं ठरवणार?

म्हणून वीस ओळी. आठ नाव विचारतात. उरलेल्या बारा त्या उत्तरावर विश्वास न ठेवता डिस्कवर एक छोटी फाइल लिहितात, परत वाचतात आणि ही जागा मूळ फाइलींच्याच डिस्कवर तर नाही ना हे बघतात. मग आठ हव्यातच कशाला, असं परवा एकीने विचारलं. मी काढून बघितल्या. संध्याकाळी परत घातल्या.

भाची आता बॅकअप हाताने घेते. माझी स्क्रिप्ट वापरत नाही.