दुभाजकातील पिवळे पापुद्रे

रस्त्याकडेच्या मातीत साचलेले धातू नेमके कोठून आले, हे शोधण्याचे काम मी पुण्यात गेली काही वर्षे करते आहे. एका जुन्या, सतत वाहत्या रस्त्याच्या दुभाजकातील आणि दोन्ही कडांच्या मातीचे निकाल एका सकाळी हाती आले, तेव्हा एका बसथांब्यासमोरच्या नमुन्यात शिसे शेजारच्या नमुन्यांच्या कितीतरी पट निघालेले दिसले. अहवाल त्याच आठवड्यात द्यायचा होता आणि कारणही जणू तयारच होते. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले असले, तरी त्याआधी कित्येक वर्षे गाड्यांच्या धुरातून बाहेर पडलेले शिसे मातीच्या वरच्या थरात चिकटून राहते आणि पावसाने सहजासहजी खाली झिरपत नाही. ‘जुन्या पेट्रोलचे अवशेष’ असे वाक्य मी मसुद्यात लिहूनही टाकले होते.

दुपारी मात्र त्या वाक्यावरून मन हटेना. आपल्या भागात कोणताही आकडा पाहिला की आधी दगडाला विचारावे लागते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबे मुळातच दशलक्ष भागांत 100 भागांहून अधिक सहज सापडते, जस्त आणि क्रोमियमही भरपूर असते, आणि लोहखनिजामुळे ही माती इतकी चुंबकीय असते की मातीच्या चुंबकत्वावरून वाहनांचे प्रदूषण ओळखण्याची, इतर देशांत उपयोगी पडणारी पद्धत येथे सरळ वापरली तर हमखास फसवते. म्हणून प्रत्येक मोजणीबरोबर आम्ही वेताळ टेकडीच्या रहदारीपासून दूरच्या उतारावरची माती तपासतो आणि रस्त्यावरचा आकडा तिच्याशी ताडून पाहतो. शिशाची गोष्ट वेगळी आहे. बेसाल्टमध्ये ते अत्यल्प असते, त्यामुळे ते वाढलेले दिसले तर ते माणसानेच आणले असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. कोणत्या मार्गाने आणले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

मी त्या नमुन्याचे बाकीचे धातू पुन्हा पाहिले. ब्रेकच्या अस्तरातून तांब्याबरोबर अँटिमनी झडते आणि टायरच्या रबरातून जस्त येते. बसथांब्यासमोर गाड्या सतत ब्रेक दाबतात, तेव्हा वाढ वाहनांची असती तर ही मंडळीही शिशाबरोबर वर गेली असती. तसे काहीच झाले नव्हते. अँटिमनी आणि जस्त शेजारच्या नमुन्यांइतकेच होते. शिशाबरोबर वाढलेला धातू एकच होता, तो म्हणजे क्रोमियम. मूळच्या मातीतले क्रोमियम वजा करून उरलेल्या वाढीशी शिशाच्या वाढीचे गुणोत्तर काढले, तर ते चारच्या आसपास आले. लेड क्रोमेट या पिवळ्या रंगद्रव्यात वजनाने सुमारे 64 टक्के शिसे आणि 16 टक्के क्रोमियम असते, म्हणजे गुणोत्तर नेमके चार. कागदावरचा तो चार पाहून मी उरलेली माती पुन्हा काढली.

दोन मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेला भाग आम्ही सहसा बाजूला ठेवतो. त्या दिवशी तो सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि खडे, काड्या, काचेचे तुकडे यांच्यामध्ये नखाच्या टोकाएवढे पिवळे पापुद्रे दिसले. चिमट्याने एक उलटा केला, तर त्याच्या पाठीला सिमेंटचा करडा थर चिकटलेला होता आणि कडेवर पिवळे, काळे, पुन्हा पिवळे असे रंगाचे थर कांद्यासारखे एकावर एक मोजता येत होते. हे थर धुरातून येत नाहीत.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी एका सहकाऱ्याला घेऊन त्याच जागी गेले. दुभाजकाच्या झाडांना आळी करणाऱ्या एक मावशी तेथे खुरपे घेऊन बसल्या होत्या. ही माती कधीची, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ही लाल माती ट्रकनं आणून टाकली, ताई. पाचसहा वर्षं झाली असतील. आणि ते पिवळं म्हणता ना, ते दिवाळीच्या आधीचं. पोरांनी जुना रंग खरवडला, चुरा सगळा इथंच पडला, मग वरून नवा मारला.” त्यांनी बोट दाखवलेल्या कडेवर नव्या रंगाखाली खरवडल्याच्या खुणा अजून स्पष्ट दिसत होत्या. पेट्रोलमधले शिसे बंद होऊन बरीच वर्षे लोटल्यावर जी माती या रस्त्यावर आली, तिच्याबद्दल मी जुन्या पेट्रोलचे वाक्य लिहिले होते. मातीच्या वयाची चौकशी मी नमुना घेतानाच करायला हवी होती, आणि ती न केल्याचे मला आजही वाईट वाटते.

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 90 भाग अशी 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, पण तो नियम त्या रंगांपुरताच आहे. शिवाय खरवडून निघतात ते जुने थर. रहदारीचे प्रदूषण म्हणजे केवळ धूर, अशी समजूत मोजणी करणाऱ्यांमध्येही इतकी रुजली आहे, की रस्त्याच्या देखभालीतून मातीत जाणाऱ्या गोष्टी आमच्या तक्त्यांत येतच नाहीत. त्या दिवसापासून मी नमुन्याच्या नोंदवहीत दोन रकाने वाढवले आहेत: भरावाची माती केव्हा व कोठून आणली, आणि जवळचा रंग शेवटचा केव्हा खरवडला.

बोलता बोलता मावशींनी त्याच कडेवर डबा उघडला. त्यांच्या बोटांना माती लागलेली होती. जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवायला हवेत, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “पाणी टँकरबरोबर येतं, ताई. टँकर आज नाही.” आमच्या गाडीतील पाण्याचा कॅन आम्ही खाली उतरवला आणि त्यांनी हात धुतले. दुसऱ्या दिवशी मी मसुद्यातील पेट्रोलचे वाक्य काढून टाकले, खरवडताना खाली ताडपत्री अंथरून चुरा गोळा करावा, त्या पट्ट्यातील वरची माती उचलावी आणि दुभाजकावर काम करणाऱ्यांसाठी रोज पाण्याची सोय असावी, अशा तीन सूचना लिहिल्या, आणि पाण्याची सूचना पहिल्या क्रमांकावर ठेवली.