रोजीवरचा हेवीवेट

माझ्याकडे युनिव्हर्सिटीच्या बॉक्सिंगचं सिल्व्हर मेडल आहे. हे कळलं की लोक जाम इज्जत देतात, मग त्यातला एखादा हुशार विचारतोच की गटात किती जण होते, अन् मला सांगावं लागतं, दोन. मी आणि तो. 94 किलो वजन होतं माझं, कॉलेजात त्या वजनाची पोरं कॅन्टीन सोडून रिंगमध्ये कशाला येतील, म्हणून हेवीवेटची जागा भरायला सरांनी मला अक्षरशः कॅन्टीनमधूनच उचललं होतं. फायनलमध्ये सव्वा मिनिटात मी खाली.

त्यानंतर तीन वर्षं माझं काम एकच, चांगल्या पोरांसमोर उभं राहणं. टिनाचं शेड, मे महिना, पारा 45, ग्लोव्ह्ज आतून दुसऱ्याच्या घामानं ओले आणि वास असा की चार दिवस फ्रीज बंद पडल्यासारखा. बँडेज बांधता बांधता सर रोज एकच वाक्य बोलायचे, "जाड्या, तू फक्त उभा राय बे, बाकी तो पाहून घेईन." तो म्हणजे जो कोणी पुढे नॅशनलला जाणार असेल तो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा रात्री झोप येत नव्हती, कूलरचं पाणी संपलेलं, उठून भरायचा कंटाळा, म्हणून मोबाईलवर जुन्या फाइट्स पाहून राहिलो होतो आणि रॉस प्युरिटीची फाइट पुन्हा समोर आली. हा माणूस तुम्हाला माहीत नसेल. ओक्लाहोमाचा हेवीवेट, करिअरचा हिशोब 31 जिंकल्या, 20 हरला, 3 बरोबरीत. म्हणजे पक्का जर्नीमन. या शब्दाचा प्रवासाशी संबंध असेल असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं, तर तसं काही नाही, तो एका दिवसाच्या कामाचा जुना फ्रेंच शब्द आहे, त्यावरून दिवसाच्या हिशोबानं मजुरी घेणारा कारागीर. आपल्याकडे सरळ म्हणतात रोजीवरचा माणूस. नागपूरच्या इतवारीत सकाळी हमाल उभे राहतात तसा.

आता या धंद्याची गंमत बघा. नवा चमकणारा पोरगा असतो, त्याच्यावर प्रमोटरचे पैसे लागलेले असतात, त्याचं रेकॉर्ड 20-0, 25-0 असं फुगवायचं असतं, पण समोर अगदीच पडेल माणूस ठेवला तर पोरगा काही शिकत नाही आणि तिकिटं काढून आलेले लोक शिव्या घालतात. म्हणून असा माणूस लागतो जो हरेल, पण सहा-आठ राउंड उभा राहून हरेल. फोन आला की बॅग भरायची, दुसऱ्याच्या गावात जायचं, दुसऱ्याच्या पब्लिकसमोर पॉइंटवर हरायचं, चेक घ्यायचा, घरी. हेवीवेटमध्ये तर वजन उतरवायचीही भानगड नाही, 200 पाउंडच्या वर किती का असेना, त्यामुळे ऐन वेळी बोलावलं तरी चालतं. फक्त नॉकआउट व्हायचं नाही, कारण नॉकआउट झालं की मेडिकल सस्पेन्शन लागतं, तेवढे दिवस फाइट नाही, म्हणजे रोजी बुडाली. म्हणून यांचा बचाव पाहण्यासारखा असतो. बर्मिंगहॅमचा पीटर बकली, हेवीवेट नव्हता तो, पण 300 फाइट लढला आणि त्यातल्या 256 हरला. लोक हसतात या आकड्यावर. मी नाही हसत, 300 वेळा रिंगमध्ये चढून दाखवा म्हणावं.

तर प्युरिटी. 1994 मध्ये त्याला टॉमी मॉरिसनसमोर उभा केला. हा मॉरिसन म्हणजे वर्षभरापूर्वी माजी वर्ल्ड चॅम्पियन जॉर्ज फोरमनला हरवलेला गडी. प्युरिटीनं त्याला दोनदा खाली बसवलं, फाइट बरोबरीत सुटली. पुढे ख्रिस बर्ड, कोरी सँडर्स, जो कोणी वर चढून राहिला होता त्याच्यासमोर हा, आणि बहुतेक वेळा हरला.

मग 5 डिसेंबर 1998. कीव. समोर व्लादिमीर क्लिचको, वय 22, अटलांटा ऑलिम्पिकचं गोल्ड, 24 पैकी 24 जिंकलेला, आणि स्वतःच्या गावचं पब्लिक. प्युरिटीच्या नावावर तेव्हा 13 पराभव. पोरानं सुरुवातीपासून धू धू धुतला. प्युरिटी हात वर, कोपरं आत, मान खाली, खात राहिला. बघताना वाटतं की आता थांबवा राव. पण एक गोष्ट नीट पाहिली की दिसते, त्यातले बरेच ठोसे हातांवर आणि ग्लोव्हवर पडत होते.

अन् हे मला अंगानं माहीत आहे. शेडमध्ये एक पोरगा होता, फार फास्ट, दोन राउंड माझ्यावर असा तुटून पडायचा की मला त्याचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. पण तिसऱ्यात तो क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून अडकवायला, आला की त्याची छाती माझ्या छातीला लागायची आणि आत भाता चालल्यासारखं धडधडताना कळायचं. मग मी काही करायचो नाही, नुसता अंगावर रेलायचो. 94 किलो उचल बाबा. मारणारा थकतो हे मार खाणाऱ्याइतकं कोणाला कळत नाही. माझे तीनच राउंड असायचे ही गोष्ट वेगळी, नाहीतर कोण जाणे... जाऊ द्या, तेवढाही दम नव्हता माझ्यात.

कीवमध्ये बारा राउंडची फाइट होती. दहाव्यापर्यंत क्लिचकोचे पाय संपले, पॉइंटवर तो कितीतरी पुढे होता पण अंगात काहीच उरलं नव्हतं, आणि हा रोजीवरचा माणूस आता कामाला लागला. अकराव्यात क्लिचकोचा ट्रेनर फ्रिट्झ स्दुनेक स्वतः रिंगमध्ये घुसला आणि फाइट संपली. पुढे वर्षानुवर्षं हेवीवेटचा राजा राहिलेल्या क्लिचकोला 69 फाइट्समध्ये फक्त पाच जण हरवू शकले, त्यातला पहिला हा.

त्यानंतर प्युरिटीचं नशीब फळफळलं असेल असं वाटतं ना? नाही. वर्ल्ड टायटल कधीच नाही. 2001 मध्ये मोठा भाऊ विताली क्लिचको समोर आला आणि त्यानं हिशोब चुकता केला, तोही अकराव्याच राउंडमध्ये. लोकांना चक वेप्नर माहीत असतो, न्यू जर्सीचा दारू विकणारा सेल्समन, 1975 मध्ये अलीसमोर पंधराव्या राउंडपर्यंत टिकला, 19 सेकंद बाकी असताना थांबवला, त्याच्यावरून सिनेमाची गोष्ट सुचली वगैरे. वेप्नर हरून अमर झाला. प्युरिटी जिंकला, तर ते क्लिचकोचा खराब दिवस म्हणून लिहिलं गेलं. मला याचा राग येतो, माझा काही संबंध नसताना येतो.

आपल्या नागपूरलाही खरी हेवीवेट मिळालीच म्हणा. 2021 मध्ये अल्फिया पठाणनं पोलंडला युथ वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मारलं तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर रात्रभर मेसेज चालू होते. मी सगळ्यात आधी विचार केला की हिच्यासमोर सरावाला कोण कोण उभं राहिलं असेल.

रविवारी सर भेटले, तर्री पोह्याच्या ठेल्यावर. सत्तरी ओलांडली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तर्री अजून सोडली नाही. मी प्युरिटीची फाइट लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. नवव्या राउंडपर्यंत एक शब्द नाही बोलले. मग चमच्यानं स्क्रीनवर टकटक करून म्हणाले, "याचे कोपरं पाय बे जाड्या." तर्रीचा एक थेंब स्क्रीनवर पडला, बरोबर क्लिचकोच्या तोंडावर, तो अंगठ्यानं पुसताना व्हिडिओ मागे गेला आणि पाचव्या राउंडवर जाऊन थांबला.

मी पुढे घ्यायला हात केला तर म्हणाले, "राहू दे, इथूनच पाहतो."