नांदायला ये, नाहीतर जेल

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीला नवऱ्याची नोटीस आली, हिंदू विवाह कायद्यातल्या कलम 9 ची, म्हणजे आपल्या भाषेत नांदायला ये ची. हिने पोटगीचा अर्ज टाकला आणि पंधरा दिवसांत तिकडून ही नोटीस, कोर्टात चकरा मारणाऱ्यांना यात काही नवल नाही म्हणा. पण ती रडकुंडीला येऊन विचारत होती, नाही गेले तर जेलमध्ये टाकतील का गं?

मला एकदम रखमाबाई आठवल्या. लग्न झालं तेव्हा 11 वर्षांची पोर, नवरा दादाजी भिकाजी 19 चा. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत, आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहिल्या, शिकल्या. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा ठोकला, बायको पाठवा म्हणून. 1885 ला जज पिन्हींनी तो फेटाळला, म्हणाले की जो माणूस तिला नकोय त्याच्याकडे तिला जबरदस्तीने पाठवणं हा रानटीपणा आहे, आणि हा असला दावा मुळात विलायतेतून आलाय, हिंदू कायद्यात त्याला आधारच नाही. झालं, धर्म बुडाला म्हणून ओरडा सुरू, टिळकही विरोधात (शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं). अपिलात निकाल फिरला आणि मार्च 1887 मध्ये जज फॅरन यांचा हुकूम आला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने जेल. बाई म्हणाल्या, जेल चालेल. आणि गंमत म्हणजे ज्या विलायतेचा हा कायदा, तिथे अशा केसमध्ये जेलमध्ये टाकणं 1884 लाच बंद झालेलं!

शेवटी 1888 ला तडजोड झाली, दादाजींनी 2000 रुपये घेतले आणि केस मिटवली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, मग सुरत, राजकोटला कितीतरी वर्षं प्रॅक्टिस.

तर तिला सांगितलं की बाई जेल नाही, ते 1923 लाच काढून टाकलं. पण कलम अजून जिवंत आहे, 1983 मध्ये आंध्रच्या हायकोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं होतं पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने परत उभं केलं. आता हुकूम मोडला तर जास्तीत जास्त प्रॉपर्टी जप्त होऊ शकते, आणि वर्षभर एकत्र राहिले नाहीत तर त्याच हुकमावर घटस्फोट मागता येतो. मला विचाराल तर बऱ्याच नवऱ्यांना त्या घटस्फोटासाठी नाहीतर पोटगी टाळण्यासाठीच हे कलम हवं असतं, नांदवायचंय कुणाला.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, प्रॉपर्टी म्हणजे माझी स्कूटी का? तिचे अजून नऊ हप्ते बाकी आहेत, घेऊन जा म्हणावं.