मत दिलं दसऱ्याला, पाकिटावर पडला डिसेंबर – माझा अनुभव

पोस्टाने पाठवायच्या मताच्या पाकिटावर तारखेसाठी चार चौकोन होते. पहिले दोन महिन्याचे, पुढचे दोन दिवसाचे, आणि २०२४ आधीच छापलेलं, म्हणजे लोकांनी तिथे तरी चुकू नये. मी टाकलं १२ आणि मग १०. कारण त्या दिवशी बारा ऑक्टोबर होता, दसरा होता, आणि सातारच्या शाळेत पहिलीपासून आधी दिवस मग महिना असंच लिहायला शिकवलंय. अठरा वर्षं अमेरिकेत राहून चेकवर, डॉक्टरकडे, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर न चुकता महिना आधी लिहिणारी मी, नेमकी आयुष्यातल्या पहिल्या प्रेसिडेंटच्या मताच्या पाकिटावर सातारला जाऊन आले. अमेरिकेच्या हिशोबाने मी १० डिसेंबरला सही केली होती, निवडणूक होऊन महिना उलटल्यावर.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, फिलाडेल्फियापासून फार लांब नाही. काऊंटीचं (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) नाव लिहीत नाही, तिथे परत जायचंय. सिटिझनशिपचं काही सांगण्यासारखं नाही, फॉर्म भरला, वाट पाहिली, इंटरव्ह्यूत तेव्हा दहा प्रश्न विचारायचे त्यातले सहा यायला लागायचे, आले, शपथ झाली. शपथेच्या हॉलबाहेर दोन आज्या टेबल टाकून मतदार नोंदणीचे फॉर्म देत होत्या, तो तिथेच भरला. त्या फॉर्मवर मी पहिली चूक केली पण ती कळली वर्षभराने. पक्ष कुठला असा रकाना असतो. मी ऐटीत 'कुठलाही नाही' वर टिक केलं. आपल्याकडे पक्षाचं नाव लावायचं म्हणजे गळ्यात उपरणं घालून फिरणं, मी कशाला लावू? नवऱ्याने रिपब्लिकन लिहिलं तेव्हा मी त्याला हसले होते.

तर इथे लिहून ठेवते, कोणी नवीन असेल तर, पेनसिल्व्हेनियात प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक, बंद असते. रिपब्लिकन उमेदवार निवडायला रिपब्लिकन म्हणून नोंद हवी, डेमोक्रॅट निवडायला डेमोक्रॅट. बिनपक्षाच्या माणसाला उमेदवार निवडताना कोणी विचारत नाही. शेजारच्या न्यू जर्सीत बिनपक्षाचा माणूस ऐनवेळी केंद्रावर पक्ष सांगून मत देऊ शकतो, त्यामुळे तिथल्या एडिसन गावच्या मैत्रिणीने मला छातीठोकपणे चुकीचं सांगितलं होतं. पक्ष बदलता येतो पण पंधरा दिवस आधी. प्रायमरी २३ एप्रिलला होती, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत, आणि मला कळलं १५ ला.

आणि मला तेव्हा मत द्यायचं होतं निकी हेलीला, रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रंपविरुद्ध उभी होती ती. ती ६ मार्चलाच शर्यतीतून बाहेर पडली होती हे माहीत होतं मला, पण नाव बॅलटवर होतं आणि तरी तिला आमच्या राज्यात दीड लाखाच्या वर मतं पडली, साधारण सोळा टक्के. मी त्यातली एक असते. ती पंजाबी आईबापांची म्हणून नाही, हे आमच्या ग्रुपवर कोणाला पटत नाही. माझं राजकारण असं सरळ एका बाजूचं नाही ना. सरकारने उधळपट्टी करू नये, धंद्यावर उगाच नियम लादू नयेत, युक्रेनला वाऱ्यावर सोडू नये हे मला पटतं. त्याच वेळी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा देशभरचा हक्क काढून घेतला तेव्हा मी सोळा वर्षांच्या पोरीकडे बघून घाबरले होते, कारण ती कॉलेजला कुठल्या राज्यात जाईल मला काय माहीत. ह्या दोन गोष्टी एकत्र बसवणारा उमेदवारच नाही.

मग उन्हाळ्यात जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. २७ जूनचं डिबेट बायडनचं गेलं, १३ जुलैला आमच्याच राज्यात बटलरला ट्रंपवर गोळी झाडली, २१ जुलैला बायडन बाजूला झाला आणि कमला हॅरिस आली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर 'आपली, आपली' सुरू. तिची आई चेन्नईची. तिचा डोसा करतानाचा जुना व्हिडिओ मला एका दिवसात सात जणांनी पाठवला. मग दुसऱ्या गटाने सांगितलं की ट्रंपच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या व्हान्सची बायको पण आपलीच, तेलुगू. म्हणजे गावाकडे आडनाव बघून शिक्का मारायचा आणि इथे येऊन डोसा बघून मारायचा, काय फरक पडला?

बॅलटवर शेवटी चार नावं उरली. हॅरिस, ट्रंप, ग्रीन पार्टीची जिल स्टाइन आणि लिबर्टेरियन चेस ऑलिव्हर. अपक्ष उभ्या राहिलेल्या केनेडीने आमच्याकडे नाव मागे घेतलं होतं. चौघांचं मी खरंच वाचलं, डायनिंग टेबलवर वही ठेवून, नवरा म्हणाला दहावीच्या वर्षी एवढा अभ्यास केला असतास तर. ऑलिव्हरचं अर्धं पटत होतं पण १९ इलेक्टोरल मतांच्या राज्यात (राज्य जिंकेल त्याला प्रेसिडेंटपदासाठी ही सगळी मतं मिळतात), जिथे २०१६ ला चव्वेचाळीस हजारांनी आणि २०२० ला ऐंशी हजारांनी निकाल फिरला, तिथे हौसेचं मत द्यायचं धाडस होईना.

नवऱ्याचं मत ट्रंपला हे पक्कं होतं. त्याची कारणं मला पटत नाहीत पण वेडी नाहीत. त्याचं छोटं गोडाऊन आहे, टॅक्सचं त्याला कळतं, आणि आम्ही चौदा वर्षं रांगेत उभं राहून आलो आणि बॉर्डरवर काय चाललंय हा त्याचा राग खरा आहे. कामावरून मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत एका देशाला सात टक्क्यांच्या वर नाही, म्हणून माझा भाचा अजून तिष्ठत बसलाय, आणि ट्रंप जूनमध्ये एका पॉडकास्टवर म्हणाला की इथे डिग्री घेणाऱ्याला डिप्लोम्याबरोबर ग्रीनकार्ड मिळायला हवं, तेव्हा नवऱ्याने ती क्लिप भाच्याला पाठवली. नंतर त्याच्याच प्रचाराच्या माणसांनी त्यात अटी घातल्या ती बातमी मी पाठवली.

मला बाहेरून येणाऱ्या सगळ्या मालावर टॅरिफ लावायचं गणित पटेना. गोडाऊनमधला माल बाहेरून येतो रे, तूच सांग कोण भरणार, ह्यावर आमचे दोन रविवार गेले. पण खरं सांगू तर माझं ठरलं ते ६ जानेवारी २०२१ वरून, ट्रंप हरल्यावर त्याचे समर्थक संसदेत घुसले त्या दिवसावरून. हरलास तर घरी जा, एवढं साधं. आमच्या गल्लीतला नगरसेवक सुद्धा हरला की चार दिवस तोंड लपवतो आणि मग लग्नाला येऊन बसतो. तर मी हॅरिसला, फार उत्साहाने नाही, घरासाठी पंचवीस हजार डॉलर वाटायची तिची योजना मला भाव वाढवायचीच वाटत होती, तरी तिला.

म्हणजे घरात दोन मतं, एक इकडे एक तिकडे, बेरीज शून्य. हे लक्षात ठेवा.

बॅलट पोस्टाने मागवलं होतं कारण मंगळवारी सुट्टी नसते आणि माझी शिफ्ट सकाळची. कारण द्यावं लागत नाही, कोणीही मागवू शकतं. दसऱ्याला सकाळी लॅपटॉपची आणि मुलीच्या व्हायोलिनची पूजा केली, साडेतीन मुहूर्तांतला एक, म्हटलं आजच करू सीमोल्लंघन. गोल काळा केला. बॅलट आतल्या पाकिटात घातलं, हे आतलं पाकीट विसरलात तर मत बाद, ते मी तीनदा तपासलं. मग ते बाहेरच्यात. सही केली. तारीख टाकली. फोटो काढून आईला पाठवला, आई म्हणाली छान, अक्षर सुधारलंय.

दहा दिवसांनी ईमेल. तुमचं पाकीट मिळालं, पण तारीख बरोबर नसल्याने मत कदाचित मोजलं जाणार नाही.

मी तोच फोटो झूम करून बघितला तेव्हा कळलं. नवरा बाजूला चहा पीत होता, त्याने फोटो बघितला, एक मिनिट काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "म्हणजे यंदा घरातून मी बिनविरोध."

तिथून पुढचे पंधरा दिवस मी प्रेसिडेंट कोण होतो हे विसरले होते, मला फक्त हा बिनविरोध होता कामा नये एवढंच डोक्यात.

काऊंटीच्या निवडणूक ऑफिसला फोन लावला. चाळीस मिनिटं होल्डवर सॅक्सोफोन. मग एक मुलगा म्हणाला, सिस्टीममध्ये मिळालंय असं दिसतंय, काळजी करू नका. मी म्हटलं मिळालंय हे मला माहितीये, मोजणार का? त्याने परत सॅक्सोफोनवर टाकलं आणि फोन कट. दुसऱ्या दिवशी लंच टाइमात परत, ह्यावेळी एक बाई, त्या म्हणाल्या ऑफिसला या, इथे बघू. ते ऐकून मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली २८ तारखेची, वसुबारस होती, घरी चकलीचं पीठ तसंच झाकून ठेवून गेले.

ऑफिसबाहेर रांग पार्किंगपर्यंत. दुसऱ्या दिवशी पोस्टाचं बॅलट मागायची शेवटची तारीख होती म्हणून सगळं गाव तिथे. दोन तास दहा मिनिटं उभी होते. पुढे एक ट्रंपची लाल टोपी घातलेले आजोबा, मागे डेमोक्रॅटांच्या निळ्या बिल्ल्याची कॉलेजची मुलगी, आणि आम्ही तिघांनी मिळून ऑफिसला शिव्या घातल्या, सोसायटीच्या नळाला पाणी न आल्यावर घालतात तशा.

खिडकीवर पोहोचले. काचेमागच्या माणसाने नाव टाइप केलं, स्क्रीन बघितली, म्हणाला हो, तारीख चुकली आहे.

मी म्हटलं, पाकीट तुमच्याकडेच आहे ना?

आहे.

मग मला द्या, मी इथेच तुमच्यासमोर आकडे उलटे करते. किंवा नवीन पाकीट द्या.

नाही. एकदा आमच्याकडे आलं की आम्ही हात लावू देत नाही, आमच्या काऊंटीची पॉलिसी आहे.

शेजारच्या काऊंटीत तर दुरुस्त करू देतात म्हणे?

ती शेजारची काऊंटी.

मी त्याला समजावलं, बाबा, जगातल्या बऱ्याच देशांत दिवस आधी लिहितात, आणि तुम्हाला पाकीट ऑक्टोबरमध्ये मिळालं, तुमचाच शिक्का आहे त्यावर, मग मी डिसेंबरात सही करून ऑक्टोबरमध्ये कशी पाठवेन? तो बिचारा हसला. म्हणाला मॅम, मला समजतंय, पण तारखेच्या चौकोनात काय आहे तेच आम्ही बघायचं. आणि हे त्याचंही खरं, ह्या तारखेवरून पेनसिल्व्हेनियात कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालू होती, मार्चमध्ये फेडरल अपील कोर्टाने नियम ठेवला, राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही ऑक्टोबरमध्ये निवडणुकीच्या तोंडावर हात घालायला नकार दिला. चिडायचं कोणावर हेही धड कळेना.

त्यानेच सांगितलं, ५ तारखेला मतदान केंद्रावर जा आणि प्रोव्हिजनल बॅलट मागा, म्हणजे तात्पुरतं मत, नंतर तपासून मोजतात ते. हे फोनवर सांगता आलं असतं.

रात्री वाचत बसले. २३ ऑक्टोबरलाच राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता, बटलर काऊंटीतल्या दोन मतदारांनी प्रायमरीत आतलं पाकीट विसरून पाठवलेलं, मत बाद झालं, मग त्यांनी केंद्रावर जाऊन प्रोव्हिजनल दिलं तर काऊंटी तेही मोजेना. कोर्ट म्हणालं मोजा. जुलैत गोळीबार झाला तेच बटलर, नवऱ्याला हे सांगताना मला फार मजा आली. माझी चूक पाकिटाची नाही तारखेची, पण तिढा तोच.

पाच तारखेला नवरा सकाळी सातला गेला आणि साडेसातला स्टिकर लावून घरी. मी संध्याकाळी. केंद्र फायर हाऊसमध्ये, बंब बाहेर काढून ठेवलेले. पहिल्यांदा मत देणाऱ्याला तिथे आयडी दाखवावा लागतो, तो न्या बरोबर. वहीत माझ्या नावापुढे पोस्टाचं बॅलट दिल्याची खूण होती म्हणून मला बाजूच्या टेबलावर बसवलं. तिथल्या प्रमुखाला 'जज ऑफ इलेक्शन' म्हणतात, मी काळा कोट शोधत होते, निघाल्या विणकाम करत बसलेल्या एक आजी.

प्रोव्हिजनलचं पाकीट म्हणजे आणखी मोठी भानगड. मत देण्याआधी एक सही, दिल्यावर दुसरी, दोन्ही मतदाराच्याच, एक राहिली तर हेही बाद. त्यावरही तारीख. पेन हातात घेऊन मी थांबले. ०५ ११ की ११ ०५? लिहायच्या आधी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "महिना आधी, डिअर." मग दोनदा वाचून घेतलं त्यांच्याकडून. त्यांना भाऊबीजेच्या उरलेल्या चकल्या दिल्या, म्हणजे द्यायला काढल्या, त्यांनी घेतल्या नाहीत, मतदान केंद्रात मतदाराकडून काही नको म्हणाल्या. बरोबर आहे.

जाताना एक नंबरची चिठ्ठी देतात, ती फेकू नका, त्याच्यावरूनच नंतर कळतं.

पहाटे अडीचच्या सुमाराला पेनसिल्व्हेनिया ट्रंपकडे गेलं, फरक पुढे लाखाच्या वर गेला. नवऱ्याने सकाळी चहा करून दिला आणि काही बोलला नाही, ते बरं केलं. पण सिनेटची जागा डेमोक्रॅट केसी आणि रिपब्लिकन मॅकॉर्मिकमध्ये पंधरा-सोळा हजारांवर अडकली, आणि मग दोन आठवडे टीव्हीवर दुसरं काही नाही, चुकलेल्या तारखेची पाकिटं आणि प्रोव्हिजनल मतं मोजायची की नाही. १८ नोव्हेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं, तारखेशिवायची किंवा चुकीच्या तारखेची मोजू नका. माझं पहिलं पाकीट त्याच ढिगात पडलं असणार कुठेतरी.

चिठ्ठीचा नंबर मी रोज टाकून बघत होते. २० तारखेला सकाळी उठले तर आईचा फोटो आला होता, शाई लावलेलं बोट, विधानसभेचं मतदान होतं तिकडे. लगेच फोन आला.

"तुझं मोजलं का गं शेवटी?"

तिच्याशी बोलता बोलताच नंबर टाकला. मोजलं, असं लिहिलेलं होतं.

"अगं मोजलं!"

"मग शाई दाखव."

शाई नसते इथे, आई. स्टिकर पण प्रोव्हिजनलच्या गडबडीत घ्यायचा राहिला, नवऱ्याचाच फ्रिजवर आहे.

जानेवारीत पोस्टाच्या बॅलटच्या वार्षिक यादीचा फॉर्म आलाय दोघांच्या नावाने. नवऱ्याला सांगितलंय, माझा भरू नकोस. फायर हाऊस चालत सहा मिनिटांवर आहे.